आईच्या साडीचं समान वाटप

आईच्या लग्नाच्या साडीचे मी एकसारखे चौकोनी तुकडे केले आणि शेजाऱ्यांत वाटून टाकले. हे मी तत्त्वाने केलं.

हे वाक्य मी घरात वेगवेगळ्या आवाजात म्हणून पाहिलं आहे. कुठल्याच आवाजात ते बरं वाटत नाही. म्हणून सगळंच सांगते.

आमचे पप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. नोकरी ते हातांनी करायचे आणि आयुष्य पत्रकांनी. हुंड्याविरुद्ध पत्रक, पाण्याच्या टँकरच्या वाटपाविरुद्ध पत्रक, पत्रकं न वाचणाऱ्यांविरुद्धही एक पत्रक (ते कुणी वाचलं नाही). आमच्या घरात कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं, डब्यांखाली पत्रकं, शाळेच्या डब्यातली चपाती पत्रकात गुंडाळलेली. मी वाचायला शिकले ती चपाती खाताखाता. थोरल्या बहिणीचं नाव समता ठेवलं, माझं क्रांती. तिसरं अपत्य झालं असतं तर त्याचं नाव बंधुता ठरलेलं होतं, पण आईने तो विषय वेळीच संपवला.

अशा घरात वाढल्यामुळे मी नववीत शिवणाच्या तासाविरुद्ध पत्रक काढलं. सुई मुलींच्याच हातात का, असा सवाल होता. परिणाम एवढाच झाला की मुलांना कुणी शिवण शिकवलं नाही आणि मला सुईत दोरा ओवता येत नाही. मी सुई हातात धरणार नाही, अशी प्रतिज्ञा त्याच पत्रकाच्या शेवटी होती आणि ती मी कटाक्षाने पाळत आले होते. पुढे जे घडलं ते समजायला ही माहिती लागेल.

आम्ही सावेडीत राहतो. आमच्या इमारतीची गच्ची हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसांच्या ताब्यात असते. सकाळचं ऊन चढलं की एकेक जण कानटोपी, स्वेटर, त्यावर शाल अशा थाटात वर येतो आणि भिंतीला पाठ लावून बसतो. मी कॉलेज संपवून, नोकरी शोधत (म्हणजे लिखाण करत) घरीच होते. ती मंडळी रोज तशी बसलेली बघून मला वाटायला लागलं की हा श्रमशक्तीचा अपव्यय आहे. ती माणसं आयुष्यभर राबून आता कुठे उन्हाला बसली आहेत, हा मुद्दा मला सुचला नाही. पत्रक लिहिणाऱ्याला असे मुद्दे सुचत नाहीत.

मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला: वयस्कर लोकांसाठी हिवाळ्यातल्या सोप्या हस्तकला. त्यात कुठल्यातरी थंड देशातल्या आज्या कापसाचे गोळे चिकटवून बर्फाची माणसं करत होत्या, सुकलेल्या फांद्यांना लोकर गुंडाळत होत्या आणि प्रत्येक वस्तू झाल्यावर टाळ्या वाजवत होत्या. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं, 'वडीलधाऱ्यांसाठी हिवाळ्यातील सोप्या हस्तकला: एक आवाहन', आणि जिन्यात चिकटवलं.

पहिल्या दिवशी कापूस आणि डिंक घेऊन वर गेले.

"हे काय हाय?" केरूनानांनी विचारलं. केरूनाना घोडेगावकडचे शेतकरी. मुलाने फ्लॅट घेतल्यावर त्याच्याबरोबर इकडे आले आणि येताना बैल विकावा लागला म्हणून अजून मुलाशी निम्मंच बोलतात.

"बर्फाचा माणूस, नाना."

"कापसाचा?"

"आपल्याकडे बर्फ पडत नाही ना."

"मग मानूस कशाला?"

मी कागदाची फुलं काढली. तांबोळीचाचांनी ती बघून हात जोडले. चाचा एसटीत कंडक्टर होते, पप्पांचे जुने दोस्त. "बेटा, जिंदगीभर कागद फाडला. आता तरी सोड."

तिसऱ्या शेवंताआजी. आमच्या समोरच्या दारात राहतात. त्यांनी कापूस उचलला, हातात दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "चांगला हाय. वाती करते." आणि खरंच करायला बसल्या.

मग मीच म्हटलं की आपण उपयोगाचं काही करू. गोधडी. प्रत्येकाच्या घरात जुने कपडे असतात, थंडी असतेच, सुई धरता येणारी माणसं आहेत. गोधडी म्हटल्यावर मात्र गच्ची जरा सावरून बसली. पुरुषांनीही शिवायचं अशी मी अट घातली. केरूनाना म्हणाले, "पोती शिवलीत आमी. गोधडी काय, मऊ पोतं." अट मंजूर झाली.

इथे मला थांबता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सगळे आपापली गाठोडी घेऊन आले. मधोमध कपडे पडायला लागले. शेवंताआजींनी मात्र आपलं गाठोडं उचलून स्वतःच्या मांडीमागे सरकवलं. म्हणाल्या, "आमचं आमच्यापाशीच बरं."

मला जे ऐकू यायचं ते ऐकू आलं. आमचं घर बौद्ध, त्यांचं शेतकरी मराठा, आणि आमच्या कपड्यांच्या ढिगापासून एक गाठोडं लांब ठेवलं जात होतं. आजींनी आजवर आमच्या घरी चहा घेतला होता, समताताईला कडेवर खेळवलं होतं, पण त्या क्षणी माझ्या अंगात पप्पांची सगळी पत्रकं एकदम संचारली. मी पाण्याच्या टाकीच्या पायरीवर चढले आणि भाषण केलं. कापडाला जात नसते, असं म्हटलं. कापडाला घर नसतं, असंही म्हटलं. आजपासून या गच्चीवर कुणाचं कापड कुणाचं हे ओळखू येणार नाही, सगळ्या कपड्यांचे एका मापाचे चौकोन होतील, एका ढिगात मिसळतील आणि प्रत्येकाला हाताला येतील तसे मिळतील.

शेवंताआजींनी गाठोडं पुढे ढकललं आणि पदराने नाक पुसलं. मला वाटलं, थंडी.

आता सुरुवात आपल्या घरापासून हवी. आई समताताईला घेऊन दवाखान्यात गेली होती. ताई पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. मी खाली येऊन आईचं कपाट उघडलं. आमच्यासारख्या घरात एक अडचण असते, ती इतरांना कळायची नाही. विहारातला कार्यक्रम, पौर्णिमा, कुणाचं लग्न, कुणी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन, सगळीकडे आई पांढरीच साडी नेसते. कपाटाचा एक अख्खा कप्पा पांढरा. त्यातली सगळ्यात जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली, पदराला काहीतरी काळपट लागलेली साडी मी काढली. नवी दिली असती तर तो देखावा झाला असता. जुनी दिली ती साधेपणामुळे.

गच्चीवर एक फुटकी फरशी पडली होती. ती माप म्हणून ठेवून मी स्वतः सगळे कपडे कापले. (कात्रीबद्दल माझी प्रतिज्ञा नव्हती.) काळ्या डागाचा चौकोन वेगळा निघाला तेव्हा तो टाकून द्यावा असा एक प्रतिगामी विचार मनात आला, पण डाग असला म्हणून काय झालं, तोही मी ढिगात घातला. मग सगळं कालवलं आणि ओंजळी भरभरून वाटलं. पप्पांनीही आपली ओंजळ घेतली. त्यातला एक तुकडा उचलून ते बराच वेळ उन्हात धरून बघत राहिले आणि चहा न घेताच खाली गेले. मला वाटलं, भारावले.

त्यानंतर पप्पा गप्प झाले. पत्रक लिहिणं बंद, जेवताना बातम्यांवर चिडणं बंद. आईने विचारलं, "अहो, बरं नाही का?" तर म्हणाले, "तू ठरवलंस ते योग्यच असेल, सुमन." (पप्पा समतेच्या तत्त्वाने आईला नावाने हाक मारतात. आई त्यांना 'अहो' म्हणते. त्याविरुद्धही त्यांनी पत्रक काढलं होतं. ते आईने पोळपाटाखाली घातलं.) आई म्हणाली, "काय ठरवलं मी?" पप्पा गॅलरीत निघून गेले.

मग एका दुपारी आईने तो कप्पा उघडला.

"क्रांती, इथली पांढरी साडी कुठाय?"

"कुठली? सगळ्या पांढऱ्याच आहेत."

"खालची. पदराला उलटी अक्षरं उमटलेली."

"अक्षरं?" मी म्हटलं. "डाग म्हणतेस का?"

आईने जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या लग्नातच पप्पांनी खर्चिक लग्नांविरुद्ध पत्रक वाटायचं ठरवलं होतं. छापखान्याने ते लग्नाच्या सकाळी दिलं, शाई ओली असताना. ठेवायला जागा नाही म्हणून गठ्ठा नवरीच्या मांडीवर ठेवला. लग्न लागून आई उठली तेव्हा तिच्या पदरावर पत्रकाचं शीर्षक उलटं उमटलेलं होतं. तिची आई रडली, पप्पा म्हणाले, आता हे पत्रक कधीच फाटणार नाही.

"बाळाच्या पहिल्या गोधडीत घालायला ठेवली होती," आई म्हणाली. "आजीच्या लग्नातलं वस्त्र बाळाच्या अंगाशी असावं. माझ्या आईने समतासाठी घातलं, तुझ्यासाठी घातलं. माझी वेळ आत्ता आली."

मी तिला सांगितलं. गच्ची, भाषण, फरशी, सगळं.

आई ओरडली नाही. तिने मेथीची जुडी घेतली आणि निवडायला बसली. आमच्या घरात आई न बोलता मेथी निवडायला बसली की ताईसुद्धा उठून दुसऱ्या खोलीत जाते, आणि त्या दिवसांत ताईला उठायला भिंतीचा आधार लागत होता.

मी चप्पल घालून बाहेर पडले. सगळ्यात जवळचं दार शेवंताआजींचं. आजी पलंगावर गोधडी पसरून टाके घालत होत्या. कडेने पांढऱ्या चौकोनांची रांग होती आणि मधोमध सगळे तुकडे एकाच निळ्या रेघांच्या कापडाचे. एकाच. मी नीट बघितलं. माझ्या वाटपात हे शक्यच नव्हतं.

"आजी, हे सगळं एका कपड्याचं कसं आलं तुमच्याकडे?"

"मालकाचा सदरा हाय," आजी म्हणाल्या. त्यांचे यजमान मागच्या थंडीत गेले होते. "त्याचीच गोधडी करायची म्हनून बाजूला ठेवला हुता. तू टाकीवर चढून बोललीस, मग काय करू? गाठोडं दिलं. तू खाली गेलीस तसं समद्यांनी आपापलं वळखून बदलून घेतलं. केरूनं त्याच्या बायकोचं लुगडं घेतलं, तांबोळ्यानं त्याच्या पोराचा गनवेश घेतला. पांढरं तेवढं कुनी न्हाई मागितलं. मग ज्याला लागलं त्यानं घेतलं."

म्हणजे माझा जातिअंत मी जिना उतरेपर्यंत टिकला होता.

(कुठल्याच गाठोड्यामागे जात नसते असं मी अजूनही म्हणणार नाही. असते, आणि मी ती पाहिली आहे. पण या गाठोड्यात एक सदरा होता, आणि मी विचारलं नव्हतं.)

"आजी, ते पांढरं आमच्या आईच्या लग्नाच्या साडीचं आहे. बाळाच्या गोधडीसाठी ठेवलेलं. परत द्याल का?"

आजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आता कसं वळखायचं ग कुनाचं ते? कापडाला घर नसतं म्हनली हुतीस तू."

"म्हणाले होते."

"बरं बोललीस त्या दिशी. मला पाठ झालंय." त्यांनी गोधडी माझ्याकडे सरकवली. "घे. पन उसव तुझी तूच. आन् शिवलंय तेवढं नीट ठेव, मालक हाय तो."

एक टाका उसवायचा तर सुई लागते, हे मला तेव्हा कळलं. नववीतली प्रतिज्ञा शेवंताआजींच्या पलंगावर मोडली. बोटांना इतक्या वेळा टोचलं की आजी म्हणाल्या, "साडीला आनखी डाग नको पाडू."

केरूनानांकडे परिस्थिती गंभीर होती. त्यांनी बायकोच्या हिरव्या लुगड्यावर पांढऱ्या चौकोनांचा बैल शिवला होता. शिंगं काळ्या छत्रीच्या कापडाची. बैल जरा बसका होता, पण नजर होती त्याला.

"सर्जा हाय," नाना म्हणाले. "घोडेगावच्या बाजारात दिला त्याला. मागं वळून बघितलं हुतं त्यानं. तसाच काढलाय."

"नाना, तो आईच्या साडीचा आहे."

"व्हय? म्हनूनच मऊ लागतोय."

"परत हवाय, नाना."

नाना बैलावर हात ठेवून बसले. "एकदा इकला. आता कातडं सोलून देऊ व्हय?"

मी बाळाबद्दल सांगितलं, आईच्या मेथीबद्दल सांगितलं. मेथीने ते हलले, आईला ते ओळखतात. म्हणाले, "दुसरं पांढरं आन. सर्जाला उघडा ठेवायचा न्हाई. आदी त्याला पांघरून, मग तुमचं." मी धावत घरी आले आणि दोरीवरचा पप्पांचा पांढरा पायजमा घेऊन गेले. (न विचारता. माझ्यात सुधारणा हळूहळू होते.) नानांनी पायजमा उलटसुलट बघितला. "नाडी काढून दे. बैलाला काय करायचीय?" मग एकेक चौकोन काढायचा आणि लगेच तिथे पायजम्याचा लावायचा, अशी ती शस्त्रक्रिया पार पडली. सर्जा आता थोडा खरखरीत झाला आहे.

तांबोळीचाचा घरी नव्हते. त्यांच्या सुनेने सांगितलं, चाचांनी गोधडी केलीच नाही, सकाळी स्कूटरची सीट गार लागते म्हणून सीटला जाड कव्हर शिवलं आणि बाजारात गेले. आईच्या लग्नाची साडी सावेडीच्या रस्त्यावर फिरत होती आणि तिच्यावर कंडक्टर बसला होता.

मी चौकात जाऊन उभी राहिले. चाचा आले ते सिग्नलला थांबले, हँडलला पालेभाजीची पिशवी.

"चाचा, उतरा."

"बेटा, स्टॉप पुढे आहे."

"सीटवर आईच्या लग्नाची साडी आहे."

चाचा एवढ्या घाईने उतरले की स्कूटर माझ्या अंगावर आली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. चाचा रस्त्यातच सीटच्या गाठी सोडत म्हणाले, "सुमनभाभीची? त्या लग्नात मी होतो ना! हातात पत्रक आणि पत्रकावर लाडू. लाडवालाही शाई लागली होती." त्यांनी कव्हर झटकलं, कपाळाला लावलं आणि माझ्या हातात दिलं. मग मागच्या रिक्षावाल्याला म्हणाले, "थांब रे, प्रवासी उतरतोय."

संध्याकाळी सगळे पांढरे चौकोन मी आईसमोर मांडले. काहींना हिरवे दोरे लटकत होते, काहींना ग्रीसचा वास होता. आईने एकेक हातात घेऊन सरळ केला. शेवटचा ठेवला आणि म्हणाली, "अक्षरांचा नाही यात."

मी पुन्हा सगळीकडे जाऊन आले. कुणीच तो पाहिला नव्हता. आईने आता मेथी नव्हे, तांदूळ निवडायला घेतले. तांदूळ पाकिटातले होते, त्यात खडे नसतात. ती तरीही निवडत होती.

तेवढ्यात गॅलरीतून पप्पा आत आले. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, आतून चष्मा पुसायच्या फडक्यासारखा घडी केलेला एक पांढरा चौकोन काढला आणि तो आईसमोर ठेवला. त्यावर पुसट काळी अक्षरं होती, उलटी.

"तुमच्याकडे कसा?" आई म्हणाली.

"माझ्या वाट्याला आला. मला वाटलं, तूच दिलीस. जुनं झालं, काढून टाकलं."

"मी? अहो, मी ती दर पौर्णिमेला उन्हात घालते."

"ते मला माहीत नव्हतं."

"तुम्ही त्या वेळी पत्रक लिहीत असता."

पप्पा खाली बसले. मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या दोघांचं एखाद्या मुद्द्यावर इतकं पूर्ण एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सगळे बाळाच्या गोधडीला बसले. आईने चौकोन जोडले, अक्षरांचा मधोमध घेतला. शेवंताआजींनी सदऱ्याचा एक तुकडा स्वतःहून आत घातला, नानांनी लुगड्याची एक पट्टी दिली, चाचांनी दोरा ओवून देण्याचं काम घेतलं (मला). खालच्या बाजूला एक अख्खं कापड हवं होतं, ते आईने आणलं. मी ओळखलं आणि उभीच राहिले.

ते माझं बॅनर होतं. मांजरपाटावर माझ्या हाताने निळ्या रंगात लिहिलेलं: 'झोपलेल्यांनो, जागे व्हा!' माझ्या पहिल्या धरण्याचं. त्या दिवशी मी ते घेऊन एका सरकारी कार्यालयासमोर दुपारभर घोषणा दिल्या होत्या आणि पायरीवर झोपलेलं एक कुत्रं जागं होऊन दुसरीकडे जाऊन झोपलं होतं. तरी ते बॅनर मी जपून, माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवलेलं होतं.

"आई, ते माझं आहे."

"असं?" आई म्हणाली. "ओळखू येतं का कुणाचं ते?"

गच्चीवर कुणी हसलं नाही. शेवंताआजींनी फक्त सुई जरा जास्त जवळ धरली. आईने ते फाडलं नाही, चौकोन केले नाहीत, अख्खंच लावलं. एवढा मोठेपणा तिने दाखवला. अक्षरांना रंगाची खरखर होती म्हणून ती बाजू खाली, जमिनीकडे घेतली. एका कडेला चार टाके मी घातले. ते कुठले हे विचारावं लागत नाही, लांबून दिसतात.

थंडी सरायच्या आत ताईला मुलगी झाली. ताईच्या सासूबाई कोपरगावहून बघायला आल्या, येताना त्यांच्या शेतातला ऊस आणि गूळ घेऊन. बाळ गोधडीवर गाढ झोपलं होतं. विहीणबाईंनी आधी बाळ बघितलं, मग गोधडी. बोटाने पांढरा चौकोन चाचपला. "आजीचं हाय ना लग्नातलं?" त्यांनी विचारलं. आई "हो" म्हणाली. पप्पांनी चष्मा काढून पुसला, रुमालाने.

मग विहीणबाईंनी गोधडीचा कोपरा उचलून खाली बघितलं. "हितं काय लिव्हलंय ग?"

किती दिवसांनी माझं लिखाण कुणीतरी विचारत होतं. मी ताठ उभी राहिले, श्वास घेतला आणि म्हटलं, "झोपलेल्यांनो..."

"शूऽऽ!" आई, पप्पा, ताई आणि विहीणबाई एकदम म्हणाले. "हळू बोल की, उठंल ती," विहीणबाई म्हणाल्या.

म्हणून उरलेली घोषणा मी कुजबुजत दिली. कुणीही जागं झालं नाही. म्हणजे परिणाम नेहमीइतकाच झाला.